वाटणीला आलेले मामा

रामकिशनला सासऱ्याचा पहिल्यांदा राग आला तो एका बाजेवरून.

लग्न झाल्यावर तो पहिल्यांदाच सासुरवाडीला गेला होता. गाव कंधारहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यापासून थोडं आत. सासरे लिंबाजी बांधकाम खात्यात मैलकुली होते. आपल्या वाट्याच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेच्या लिंबांना आळी करायची, पावसाळ्यात नाल्या मोकळ्या करायच्या, हे त्यांचं काम. जावई येणार म्हणून त्यांनी अंबाडीच्या सुतळीची नवी बाज विणली होती. मधे चौकटी, कडेला मोराच्या पिसासारखी नक्षी. गल्लीतल्या बायका ती बघून गेल्या होत्या.

रामकिशन बाजेवर टेकला तेव्हा पंचशीला, त्याची नवी बायको, दाराआडून म्हणाली, "कशी हाय?"

त्याला वाटलं प्रवासाचं विचारते. "लई गर्दी होती," तो म्हणाला.

"बाजेचं इचारून राहिले मी," ती हसत म्हणाली. "बाबांनी तुमच्यासाठी इनली. तुमाला येती का इनायला?"

तिने सहज विचारलं होतं. रामकिशनला मात्र पाहुण्यांसमोर कुणी पाटी-पेन्सिल हातात द्यावी तसं वाटलं. तो रेणापूरकडचा. त्याचा बाप दगडाच्या खाणीवर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. आई, सरजाबाई, लोकांच्या रानात खुरपायला जायची. तो वसतिगृहात राहून बी. ए. झाला आणि उस्मानाबादेला कचेरीत कारकून म्हणून लागला. हातात पेन धरायचं त्याला वसतिगृहाने शिकवलं. सुतळी कशी धरतात हे दाखवायला घरात कुणी नव्हतंच.

"बाजारात मिळती की बाज," तो म्हणाला. पंचशीलाचं हसू गेलं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला आणि रामकिशनची बदली नव्या कचेरीत झाली. तिथे ठेवायला कपाटं नव्हती, फायली जमिनीवर गठ्ठ्यांनी पडलेल्या. तरी सगळ्यांच्या अंगात एक वारं होतं. आता कशाला उस्मानाबादेला जायचं, आपलं सगळं इथंच. औसा रोडच्या मागे गुरुपादप्पा नावाच्या घरमालकाने त्याला दोन खोल्या दिल्या. आडनाव ऐकून तीन-चार घरमालकांनी खोली नुकतीच दिल्याचं सांगितलं होतं. गुरुपादप्पाने आडनाव विचारलं, ऐकलं आणि किल्ली काढून दिली. रामकिशन, पंचशीला, दीड वर्षांची करुणा आणि सरजाबाई तिथे राहायला गेले. पंचशीलाला बालवाडीत काम लागलं.

आणि लिंबाजी येऊ लागले.

ते कंधारच्या गाडीने यायचे, खांद्याला गोणपाटाची पिशवी. आले की आधी तांब्याभर पाणी, मग नातीचा मुका. तोवर त्यांची नजर घरभर फिरून आलेली असायची. "शीले, स्टो फुरफुरतोय न्हाई का?" असं म्हणत पिशवीतून पाना, पक्कड निघायची. स्टो साफ व्हायचा. मधल्या दाराची कडी निखळलेली असायची, ती ठोकून व्हायची. खोक्याच्या फळ्यांचा त्यांनी करुणाला पाळणा केला, सरजाबाईच्या जात्याला टाकी लावून दिली, गुरुपादप्पाच्या आडावरचा कुरकुरणारा रहाटही तेल घालून नीट केला. गुरुपादप्पाची बायको नीलम्मा कौतुकाने म्हणायची, "अण्णा यायच्या वेळेलाच आमचं सगळं मोडतंय बघा."

"इवाई म्हंजे लाखात एक मानूस," सरजाबाई व्याह्यांबद्दल जात्यावर हात फिरवत म्हणायची. "आमच्या नशिबी आसला गडी आला न्हाई."

ही त्याची सख्खी आई. तिने खुरपून खुरपून बोटं सोलवटून त्याला शिकवलं, आणि त्याच्या नोकरीचं कौतुक तिने असं जात्यावर हात फिरवत कधी केलं नव्हतं. रामकिशन पेपर तोंडासमोर धरून बसायचा.

संध्याकाळी लिंबाजी करुणाला घेऊन माळावर जायचे. जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे होते. तिथून आल्यावर पोरगी बापाला सांगायची, "पप्पा, नर खोपा बांधतो आन मादी बघायला येती. आवडला न्हाई तर ऱ्हात न्हाई." ती टिटवीचा आवाज काढायची, होल्यासारखी घुमायची. ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे कसे येतात ते हात हलवून दाखवायची. रामकिशनने एकदा तिच्यासाठी गंजगोलाईच्या बाजारातून प्लास्टिकची शिट्टी आणली. तिने दोनदा वाजवली आणि ठेवून दिली. आजोबांनी आंब्याच्या कोयीची घासून केलेली पिपाणी मात्र ती उशाला घेऊन झोपायची.

एवढं सगळं त्याने गिळलं असतं. पण एका रविवारी तो बाजारातून लवकर आला आणि दारातच थांबला.

लिंबाजी ओट्यावर बसून करुणाची वेणी घालत होते. पंचशीला लहान असताना आई पंचफुला पहाटेच कामाला जायची, तेव्हा तिची वेणी बापच घालायचा, हे रामकिशनने ऐकलं होतं. करुणाची वेणी झाली, ती उड्या मारत गेली. पंचशीला न्हाऊन केस मोकळे सोडून उभी होती. पोरगी जिथून उठली तिथेच, बापाच्या पुढ्यात, ती पाठमोरी बसली. लिंबाजींनी तेलाची वाटी ओढली. त्यांची जाड, डांबराने काळी झालेली बोटं तिच्या केसांतून फिरायला लागली आणि पंचशीलाने डोळे मिटले.

तिचा तो चेहरा रामकिशनने कधी बघितला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्याजवळ असताना तिचा चेहरा असा सैल सुटला नव्हता. भाजीची पिशवी हातात घेऊन तो परत रस्त्यावर गेला आणि चौकात विनाकारण चहा पीत बसला.

लिंबाजी गेल्यावर त्याने भांडण काढलं. कडीवरूनच काढलं, कारण कडी पुन्हा हलायला लागली होती.

"सुताराला बोलावतो," तो म्हणाला.

"कशाला? बाबा येतील पुढल्या महिन्यात."

"समदं बाबाच करनार का? ह्या घराचं भाडं कोन भरतंय? तुज्या बाबाची कडी ज्या दाराला हाय त्या दाराचं भाडं मी भरून राहिलो."

पंचशीलाने त्याच्याकडे बघितलं. "तुमाला कुनी कमी म्हनलंय का?"

कुणीच म्हटलं नव्हतं. लिंबाजी तर गावात सांगत फिरायचे, आमचे जावई कलेक्टर कचेरीत बसतात. रामकिशनला भांडायला तेवढीही जागा ठेवली नव्हती. सुतार मात्र त्याने बोलावला नाही. पुढच्या महिन्यात लिंबाजी आले आणि कडी ठोकून गेले.

असं चार वर्षं चाललं. मग तो दुष्काळ आला.

पाऊस आधीच्या वर्षीही कमीच झाला होता. त्या वर्षी मृगापासून आभाळ कोरडंच राहिलं. लातुरात नळ आठवड्याने येऊ लागले. गुरुपादप्पाचा आड तळाला गेला, आणि नंतर तळही दिसला. रामकिशनला कचेरीत टंचाईच्या कामाला लावलं. कोणत्या गावाला टँकर, कुठे काम सुरू, दिवसभर तेच. तिकडे लिंबाजींचा मुलगा ग्यानोबा बायकोला घेऊन ऊस तोडायला गेला आणि त्याची पोरं पंचफुलेजवळ राहिली. लिंबाजी निवृत्त झाले होते, तरी रोज रस्त्यावर जायचे. त्यांनी लावलेले लिंब वाळत चालले होते. एका सकाळी एका आळ्यात पाणी ओतता ओतता घागर हातातून सुटली आणि ते तिथेच बसले. उजवं अंग गेलं. लकवा.

कंधारच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. लातूरला लेक-जावई होते, म्हणून तिथेच आणलं. दवाखान्यात काही दिवस काढल्यावर त्यांना घरी पाठवलं. चोळायचं तेल आणि गोळ्या दिल्या, बाकी वेळेवर सोडा म्हणाले. पंचफुला नातवंडं टाकून येऊ शकत नव्हती. लिंबाजी लेकीच्या घरी राहिले, मधल्या खोलीत, गावाहून आणलेल्या त्याच मोराच्या बाजेवर.

पहिल्या दिवशी रामकिशन कचेरीतून आला. बाजेवरून लोंबणारा तो उजवा हात त्याने बघितला. वेणी घालणारा, कोय घासणारा, जात्याला टाकी लावणारा हात. मेलेल्या मांजरासारखा लोंबत होता. रामकिशनच्या मनात आलं, बरं झालं. ते मनात आलेलं त्याने परत एकदा तपासून बघितलं, आणि ते तसंच होतं. मग तो चहा प्यायला बसला. बऱ्याच दिवसांत चहा इतका गोड लागला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी आंघोळीचा प्रश्न आला. पंचशीला बापाला भरवायची, चोळायची, पण आंघोळीला आणि संडासाला लेक कशी नेणार? सरजाबाई तर विहीण. लिंबाजी स्वतःच मान हलवत होते, नको, नको. शेवटी सगळ्यांनी रामकिशनकडे बघितलं.

रोज सकाळी कचेरीच्या आधी तो सासऱ्याला काखेत धरून मोरीत न्यायचा. पाणी बादलीभरच, आणि तेच पाणी खाली घमेल्यात धरायचं, म्हणजे संडासाला उपयोगी पडतं. पहिले काही दिवस लिंबाजी भिंतीकडे तोंड करून बसायचे. जीभ जड झाली होती, शब्द लाळेत भिजून बाहेर यायचे. "जावईबापू... तुमच्या हातानं... करून घेऊन राहिलो. वाईट वाटतंय."

"गप ऱ्हा मामा. साबन डोळ्यात जाईल," रामकिशन म्हणायचा. फायलीतला कागद लावावा तसं तो काम करायचा, पाठ, मान, काखा, पाय.

त्याला वाटलं होतं आता तरी घर त्याच्याकडे वळेल. झालं उलटंच. करुणा शाळेतून आली की दप्तर टाकून आजोबांच्या बाजेवर चढायची. चिमणी ओरडली की विचारायची, ही काय म्हनती आबा? आबा वाकडं तोंड करून काहीतरी सांगायचे, तिला ते समजायचं नाही, तरी ती हसायची. नीलम्मा ताटली झाकून ज्वारीच्या कण्या आणून द्यायची. सरजाबाई सकाळी पहिला प्रश्न विचारायची, इवायाला झोप लागली का? धडधाकट लिंबाजी महिन्यातून एकदा यायचे. हे मोडलेले लिंबाजी चोवीस तास घरात होते.

मार्चमध्ये ऊन चढलं. एका रविवारी पंचशीला आणि करुणा नळाच्या रांगेत गेल्या होत्या. लिंबाजींनी डाव्या हाताने खिडकीकडे दाखवलं. बाहेरच्या कडुनिंबावर चिमण्या चोची उघडून बसल्या होत्या. ते काय म्हणतात हे समजायला रामकिशनला वेळ लागला. तेलाचा रिकामा डबा कापायचा, तारेने फांदीला टांगायचा, त्यात पाणी ठेवायचं.

"मान्सांना पानी न्हाई मामा."

"घोटभर," लिंबाजी म्हणाले. "माझ्या आंघुळीचं कमी करा."

का कोण जाणे, रामकिशनने डबा घेतला. पत्रा कापायची कात्री कशी धरायची ते लिंबाजी डाव्या हाताने हवेत दाखवत होते. "आडवी... न्हाई, आडवी." पत्र्याने बोट कापलं. तार पिळली ती सैल पडली, पुन्हा पिळली. घामाघूम होऊन त्याने डबा टांगला तो एका बाजूला कललेला, निम्मं पाणी खाली. लिंबाजी हसले नाहीत. चिमणी आली, डब्याच्या काठावर बसली, प्यायली. दुसरी आली. रामकिशन बोट तोंडात धरून बघत उभा राहिला. आयुष्यात त्याने हाताने केलेली ती पहिली वस्तू.

पंचशीला घागर घेऊन आली आणि झाडाखालीच थांबली. "बाबा! तुमी केलं? डाव्या हातानं?" तिचे डोळे भरून आले.

"आबानं केलं, आबानं केलं!" करुणा नाचायला लागली.

लिंबाजी मान हलवून काहीतरी सांगायला लागले, पण रडं आणि लाळ यात शब्द विरघळले. पंचशीलाने पदराने त्यांचं तोंड पुसलं. "बोलू नका बाबा, दमाल."

रामकिशनने कापलेलं बोट मुठीत धरलं. मी केलं, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मागून घ्यायचं कौतुक त्याला नको होतं. तो आत गेला आणि पेपर तोंडासमोर धरून बसला.

दुसऱ्या दिवशी मोरीत लिंबाजींनी तांब्या फेकला. डाव्या हाताने, भिंतीवर. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"सांगायचं हुतं मला," ते म्हणाले. "तुमी केलं म्हनून. कुनाला कळंना माझं."

"मला कळतंय," रामकिशन म्हणाला, आणि खरंच त्याच्या लक्षात आलं की त्याला सगळं कळत होतं. रोज त्या मोरीत बसून त्या भिजलेल्या शब्दांची त्याला सवय झाली होती. पंचशीलालाही निम्मं समजत नव्हतं.

लिंबाजींनी डावा हात आतल्या खोलीच्या दिशेला केला. मग म्हणाले, "जावईबापू, ती मधल्या दाराची कडी."

"तिचं काय?"

"खिळा आखूड घालायचो मी. जानून."

रामकिशनचा साबणाचा हात थांबला. "कामून?"

"लांब घातला आस्ता तर धा वर्सं हालली नस्ती. मग मला कोन बोलावलं आस्तं?" त्यांना दम लागला. "पोरगी तुमची झाली. घर तुमचं, पगार तुमचा. मी म्हनलं, त्या घरात आपला एक खिळा तरी ऱ्हाऊ द्या. तुमी तोंडापुढं पेपर धरायचे ना, मला लई राग यायचा तुमचा. काय तोऱ्यात बसतंय, म्हनायचो."

"आन मला वाटायचं, तुमी मला खाली दाखवायला येता."

"मी?" लिंबाजींचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. "मी तर भीत भीत यायचो. ह्या खेपंला बोलावतेत का न्हाई, म्हनून."

रामकिशनला हसू फुटलं. लिंबाजीही हसले, त्यांच्या एका बाजूने. बाहेरून सरजाबाईने विचारलं, "काय झालं रं?" "काय न्हाई," तो म्हणाला, आणि डोक्यावरचा शेवटचा तांब्या त्याने जरा हळू ओतला.

त्यानंतर आंघोळीला वेळ लागू लागला. पाणी तेवढंच, वेळ जास्त. लिंबाजी बोलायचे आणि रामकिशन ऐकायचा. पंचफुलेशी झालेली भांडणं, मुकादमाने केलेला अपमान, लहानपणी गावच्या हणमंतरावांच्या शेतातल्या आखाड्यावर बाहेर बसून जेवलेली भाकर, पहिल्यांदा बुद्धवंदना म्हणताना जीभ अडखळली ती. गावाने कधी न ऐकलेलं. रामकिशननेही एकदा आपल्या बापाचं सांगितलं. खाणीवर त्याला शोधत गेला होता, बापाने ओळख दिली नव्हती. हे त्याने पंचशीलालाही सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने लिंबाजींनी त्याच्या डोक्यावर चुकून पाणी ओतावं तसं थोडं पाणी ओतलं.

आता रामकिशनला वेगळंच सुचायला लागलं. लिंबाजी काहीतरी म्हणायचे, पंचशीला त्याच्याकडे बघायची, "काय म्हंतेत?" तो सांगायचा, पण सगळं सांगायचा नाही. लांबलचक वाक्य असलं तरी म्हणायचा, "पानी मागतेत." करुणा बाजेवर चढली की तो तिला पाढे म्हणायला पाठवायचा. संध्याकाळी पंचशीला भरवायला बसली की म्हणायचा, "दे इकडं, मी भरवतो. तुला जमत न्हाई, ठसका लागतो त्यांना." टंचाईच्या बैठकीतून तो घड्याळ बघत उठायचा. साहेब एकदा म्हणाले, "घरी लहान बाळ आहे का तुमच्या?" तो फक्त हसला.

पंचशीलाच्या हे ध्यानात आलं होतं. "माझे बाप हायेत ते," ती एकदा भाकरी थापताना म्हणाली, तव्याकडेच बघत. रामकिशनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मे संपत आला असताना एका दुपारी कचेरीत निरोप आला. तो पोचला तेव्हा सगळं झालं होतं. सरजाबाई उंबऱ्यात बसली होती. पंचशीलाने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"काहीतरी म्हनले जाताना," ती म्हणाली. "दोनदा म्हनले. मला कळलंच न्हाई."

रामकिशन बाजेच्या पायाशी बसला. मी असतो तर मला कळलं असतं, हेच एवढं त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. ती इथे होती आणि तिला समजलं नाही. त्याला समजलं असतं आणि तो टँकरच्या खेपा लिहीत बसला होता. रडायला आलं ते त्या रागातच आलं.

लिंबाजींना गावी नेलं. ऊस संपल्यावरही कारखान्यावरच कामाला राहिलेला ग्यानोबा धावत आला, त्याला तोंडही बघायला मिळालं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलायला लागला. लोह्यापासूनची माणसं आली होती. हणमंतराव आले होते, म्हातारे, काठी टेकत. म्हणाले, माझ्या मोटेचं चाक लिंबाजीनं बसवलं ते अजून हाललं नाही. साखराबाई नावाची म्हातारी उठली. माझं दार, म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. "त्याच्या हातचं काम कधी मोडलं न्हाई," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्या मांडवाने माना डोलावल्या.

रामकिशनने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

पंचफुला म्हणाली, मी कामावरून यायचे तर भाकरी थापलेल्या असायच्या, गावातले गडी हसायचे त्यांना, पण ह्यांनी कधी मनाला लावून घेतलं न्हाई. पंचशीलाने वेणीचं सांगितलं. ग्यानोबा नुसता उभा राहिला आणि खाली बसला. प्रत्येकाजवळ लिंबाजींचा एक तुकडा होता, आणि प्रत्येक तुकडा हाताने केलेल्या कशाचा तरी होता. चाक, दार, भाकर, वेणी.

मग सगळे म्हणाले, जावईबापू, तुमी बोला. तुमी तर शिकलेले.

रामकिशन उठला. समोर पंचशीला बसली होती, डोळे त्याच्यावर लावून. ती कशाची वाट बघत होती ते त्याला कळत होतं. त्याच्याजवळ जे होतं ते इथे कुणाजवळ नव्हतं. भिंतीवर फेकलेला तांब्या होता. भीत भीत येणारा माणूस होता. ते सांगितलं की ते या मांडवाचं होणार, उद्या चहाच्या हॉटेलात कुणीही हसत सांगणार.

"मामा शेवटी आमच्याकडं होते," तो म्हणाला. "मी त्यांना आंघूळ घालायचो." थोडा वेळ थांबला. "जयभीम," म्हणाला आणि बसला.

लोकांना वाटलं कंठ दाटला. हणमंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या गाडीत करुणा खिडकीशी बसली. फाटा मागे गेला, लोहा गेलं. रस्त्याच्या कडेच्या लिंबांत वाळलेले किती आणि जगलेले किती, ते धुळीमुळे समजत नव्हतं. माळाकोळी आलं तेव्हा पंचशीला त्याच्याकडे वळली.

"काहीच बोलला न्हाईत तुमी," ती म्हणाली.

"काय बोलायचं?"

"रोज मोरीत तासतासभर काय बोलायचे बाबा? मी दाराबाहेर उभी ऱ्हायची. तुमी दोघं हसायचे. मी हाक मारली की गप."

रामकिशनने तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ आवळलेले होते आणि नाकपुड्या थरथरत होत्या. ती रडत नव्हती, तिला राग आला होता. पेपर तोंडासमोर धरून, भाजीची पिशवी हातात धरून, कापलेलं बोट मुठीत धरून त्याने जे सोसलं होतं, ते आता तिच्या तोंडावर होतं. एक क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याला ती मोरीच्या दाराबाहेर उभी असलेली दिसली, हातात टॉवेल घेऊन.

"बहात्तरचा दुष्काळ होता," तो म्हणाला. "तू लहान व्हतीस. मामांनी आळ्यात घातलेलं पानी तुमच्या रांजनातलं व्हतं. लपवून न्यायचे. तुज्या आईनं पकडलं."

"मंग?"

"आईनं घागर त्यांच्या डोक्यावर वतली. भर रस्त्यात. म्हनली, झाडाला घालायचं तर हे घ्या झाड."

पंचशीलाने तोंडावर पदर धरला. तिला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं.

"आईनं कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"तिला इचारू नको. मामांनी शप्पत घातलीया."

"आनखी सांगा."

गाडी अहमदपूरच्या स्टँडात शिरली. पाण्याच्या टाकीपाशी माणसांची झुंबड होती. रामकिशनने बाटली घेतली आणि उठला. आणखी बरंच होतं. त्यातलं थोडं तो तिला देणार होता, चाकूरपर्यंत एक, घरी गेल्यावर एखादं. काही मात्र कधीच देणार नव्हता.

"पानी घेऊन येतो आधी," तो म्हणाला आणि गर्दीतून खाली उतरला.